शटरवरच्या दोन थापा

शटर ओढण्याआधी त्यावर दोन थापा मारायच्या, ही या पेठेची रीत. आत कुणी राहिलं असेल तर त्यानं "आहे" म्हणून ओरडायचं.

शटरवाल्यानं चाळीस वर्षं ती शटरं दुरुस्त केली. नूतनीकरणात सगळी भंगारात गेली, काचा आल्या, आणि उद्घाटनाला त्याला टाळ्या वाजवायला बोलावलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

भरदुपारी हे नूतनीकरण करवणारे साहेब नव्या दुकानात, काचेआडून माइकवर बोलत होते. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून खडखडाट आला. शटरवाल्यानं आवाज ओळखले. शिंप्याचं शटर पडलं, मग घड्याळवाल्याचं, मग अगदी शेजारचं.

साहेबांसमोरच्या काचेवर दोन थापा पडल्या. काचेजवळ कुणीच नव्हतं.

"कसला आवाज हा?" साहेब वैतागले.

काचेच्या वरच्या कडेपासून काळोख सरळ रेषेत खाली सरकू लागला.

"आहे म्हणा," एवढंच सांगायचं होतं. शटरवाल्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.