खाली बस!

परदेशातल्या कॉलेजात पहिल्याच तासाला मॅडम आत आल्या आणि मी सवयीनं उठून उभी राहिले. मुलं फिदीफिदी हसली. मॅडम खेकसल्या, "खाली बस!" पुढे प्रत्येक तासाला तेच. मी उभी राहिले, की बाईंच्या कपाळावर आठी. खडूस नुसत्या! माझ्यावर डूखच धरला होता.

फोनवर बाबा म्हणाले, "तुझाच आदर कमी पडत असेल. आणखी ताठ उभी राहत जा."

राहिले. सेमिस्टरभर, खांबासारखी. तरी वर्गातल्या वागणुकीत नापास! तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि जाब विचारला.

मॅडम कडाडल्या, "मी वर्गात पाऊल टाकलं, की तास सोडून जायला उठायचीस. दर वेळी दटावून बसवावं लागायचं तुला!"