झेल झाल्यावर

तिसऱ्या बेसच्या गोणीवर तुळसाने उजवा पाय रोवला. आत भरलेली वाळू दुपारभर तापून कढत झाली होती. तिने साडीचा काष्टा घट्ट मारला होता, वर लेकीची निळी जर्सी, आणि छाती अशी धडधडत होती की जर्सीवरचा सात नंबर हलत असेल असं तिला वाटलं.

कट्टा गावच्या कापणी झालेल्या मळ्यात पहिल्यांदाच सॉफ्टबॉलचा सामना लागला होता. कट्ट्याचे अकरा रन, वालावलचेही अकरा. शेवटची पाळी कट्ट्याची. एक रन झाला की सामना खिशात.

तुळसा मासे विकणारी, तिला कुठला खेळ माहीत! पण या मिश्र सामन्यात पाच बायका आणि पाच पुरुष लागतात, आणि सकाळीच तिच्या लेकीचा, दिव्याचा, पाय मुरगळला. दहावं माणूस उभं केलं नाही तर न खेळताच हार. कॅप्टन रोशेल धावत बाजारात तिच्या पाटीपाशी आली. "काकी, तू फक्त उभी रव गो. बाकी आमी बघतंव."

तशी ती उभीच राहिली होती. मग बॅट हातात आली, चार चेंडू वाकडे पडले आणि पंच फेलिक्स सरांनी तिला पहिल्या बेसवर चालत जायला सांगितलं. पुढचा गडी आऊट झाला, पाळीतला पहिलाच, पण त्या गडबडीत वालावलच्या कोणीतरी चेंडू भलतीकडे फेकला आणि तुळसा पळत पळत थेट तिसऱ्या बेसपर्यंत आली. आता समोर होमची गोणी, तिथे पोचली की रन. पंचवीस पावलं.

बॅट घेऊन प्रितेश उभा राहिला. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये त्याचं नाव तळेऱ्यापर्यंत. चेंडू आला तो या खेळात यावा तसाच, खालून फेकलेला, सावकाश, डोक्याच्या वर चढून मग उतरणारा. प्रितेशने त्याला पुरता उतरू दिला आणि अंगातली सगळी ताकद लावून हाणला.

चेंडू माडांच्या शेंड्यांपर्यंत चढला.

"धाव, काकी! धाव!" रोशेल रेषेपलीकडे उड्या मारत ओरडली. बांधावरची माणसं उठली. दिव्या दुखरा पाय विसरून उभी राहिली. "आये, धाव गो! काय बघतंस?"

तुळसा हलली नाही. पाय गोणीवर तसाच, मान मागे वळवलेली, डोळे चेंडूवर. पोटरी ताठरली होती, तरी टाच उचलली नाही.

खाली वालावलचा चंदन चेंडूच्या मागे सुटला होता. ढेकळांतून धडपडत गेला, अंग झोकून दिलं, दोन लोळण्या घेतल्या आणि उठला तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता. असा झेल त्या मळ्याने पाहिला नव्हता. प्रितेशने बॅट आपटली. रोशेलने डोकं धरलं. चंदनने दोन्ही हात वर केले आणि वालावलचे गडी जागा सोडून त्याच्याकडे धावले. होमवर उभी असलेली त्यांची खेळाडूसुद्धा धावली.

त्याच क्षणी तुळसाने गोणी सोडली.

अनवाणी, काष्टा सावरत, तोंड उघडं टाकून ती पळाली. पहिल्यांदा कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मग बांधावरून कोणीतरी हसलं. "अगो, आऊट झालो तो! खंय पळतंस?" तुळसाने तिकडे बघितलंही नाही. चंदनच्या गळ्यात पडलेल्यांपैकी एकीने मान वळवली, किंचाळली, चंदनने चेंडू फेकला. पण तो झेलायला होमवर होतं कोण? तुळसा दोन्ही पायांनी गोणीवर जाऊन आदळली आणि तिथेच बसली.

फेलिक्स सरांनी दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ! रन!"

मग जो कालवा उठला! चंदन धापा टाकत आला. "सर, कॅच मिया घेतलो. आऊट झालो ना तो? मगे रन खंयचो?"

सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. कागदावर नियम असले की त्यांची भाषा शाळेतली व्हायची. "झेल घेतला की मारणारा बाद. पण धावणाऱ्याने झेल होईपर्यंत बेस सोडला नसेल, तर झेल झाल्याबरोबर त्याला पुढे धावता येतं. चेंडू चालूच असतो." त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "सकाळी हे वाचून दाखवलं होतं. दोन्ही संघांना."

मग रोशेल अशी किंचाळली की माडावरचे कावळे उडाले. दिव्या लंगडत येऊन आईच्या गळ्यातच पडली. पाचसहा जणांनी तुळसाला उचललं, आणि ती वरून "सोडा रे, पडान मी!" म्हणून ओरडत हसत होती.

खाली उतरवल्यावर चंदन तिच्यासमोर आला. कोपरं सोलवटलेली, कपाळावर माती.

"काकी, आमी इतके जण. तुमकाच कसा ठावक?"

तुळसाने पदराने तोंड पुसलं. अजून दम लागत होता.

"तुमका सगळ्यांका क्रिकेट येता, बाबा," ती म्हणाली. "माका कायच येणा नाय. म्हणान सकाळी मी नीट ऐकत बसलंय."

फेलिक्स सर कागदाची घडी घालत होते तिथे चंदन गेला आणि त्यांच्या पुढ्यात मळ्यातच मांडी घालून बसला.

"सर," तो म्हणाला, "पयल्यापासून वाचा."