कचेरीची जागा

१९५७ सालची गोष्ट. गावोगावी मैदानं आणि मोकळ्या जमिनी राखायला सरकार अनुदान देणार होतं. त्या वर्षी मैदानांचा पैसा वरच अडकला. अनुदान वाटणाऱ्या कचेरीचा तेवढा आला. त्या कचेरीवर नेमलेल्या निगुडकर साहेबांनी दापोडीत मोकळी जागा घेतली आणि कचेरीच्या पायासाठी चर खणायला लावले.

शेजारच्या सोजराबाई आल्या. "नातवाचा पाय गेला, साहेब. रस्त्यावर हुतूतू खेळत हुता, ट्रक आला." त्यांनी चरांकडे पाहिलं. "हितं मैदान करताय व्हय?"

"नाही, कचेरी. मैदानांचा कारभार बघायला."

"आन मैदान कुठाय?"

दिवसभर निगुडकर त्या चरांभोवती येरझाऱ्या घालत राहिले. दुपारचा डबा तसाच राहिला. दिवस कलताना त्यांनी गवंड्यांना चर बुजवायला सांगितले.

महिन्याभराने वरिष्ठांची जीप आली. समोर पोरांचा डाव रंगला होता.

"निगुडकर, कचेरी कुठे आहे?"

"बांधली नाही, सर. आधी मैदान केलं."

"कचेरीच नाही, तर कचेरीला साहेब कशाला हवा? उद्यापासून येऊ नका."

जीप निघून गेली. सोजराबाई घाईघाईने पुढं आल्या. "नोकरी गेली का वं?"

"गेली."

"मग आता काय करणार?"

पलीकडे कोण बाद झालं यावरून पोरं हमरीतुमरीवर आली होती. निगुडकरांनी अंगातला कोट काढून सोजराबाईंच्या हातात दिला.

"धरा जरा. त्यांना पंच हवाय."