सरकी नसलेला कापूस

"घरधनी हो!"

वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून हाक आली तेव्हा मैनाबाईची ओटी कापसानं अर्धी भरली होती. आवाज अब्दुल गफ्फारचा. पण हाक एकच.

असं कधी होत नसे. सुर्जीचा हा शिकारी कुणाच्याही वावरापाशी आला की धुऱ्यावर उभा राहून तीन हाका द्यायचा. वेचणीच्या बाया कुठल्या तासात, कुठल्या ओळीत आहेत ते विचारायचा. 'या' म्हटल्याशिवाय पेरलेल्यात पाऊल टाकायचा नाही. शिकार मिळाली की पहिली तंगडी वावरवाल्याची. बाकीच्या बंदूकवाल्यांना लोक कुत्र्यासारखं हाकलत. गफ्फारला मात्र चौदा वर्षांत कुणी नाही म्हटलं नव्हतं.

मैनाबाईनं मान वर केली. त्याच्या खांद्यावर हरणी होती. डाव्या कानाचा फाटका शेंडा तिनं लांबूनच ओळखला.

ही हरणी पाडस होती तेव्हा गफ्फारनंच आणून दिली होती. त्याच्या हातून चुकून तिची आई मारली गेली, तेव्हा पाडसाला शेल्यात गुंडाळून थेट मैनाबाईच्या लेकीच्या, वच्छलाच्या मांडीवर ठेवलं होतं त्यानं. सहा वर्षांच्या वच्छलानं आपल्या पायातल्या चाळाचं एक घुंगरू काढून पाडसाच्या गळ्यात बांधलं. गफ्फारनं तिच्यापुढं कानाची पाळी धरली होती. "हे घुंगरू वाजंल तिकडं माही बंदूक उठनार नाही, बेटा."

मैनाबाईचा नवरा नत्थुजी तेव्हा हसला होता. "बरोबर हाय. ससा खोकलला तरी आयकू येते याले."

पुढं साता समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली म्हणे, आणि तिच्यापायी इकडं कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गवताचे रमणे मोडून कपाशीची पऱ्हाटी लावली. हरणांना चरायला जागा उरली नाही. कळपच्या कळप पऱ्हाटीत शिरायला लागले. छातीएवढ्या पऱ्हाटीत कुठलं हरीण कोणतं ते दिसायचं नाही. गफ्फार कानावर भरवसा ठेवायचा. आधी ऐकायचा, मग बार काढायचा.

आषाढात पटकी आली आणि एका दिवसात वच्छलाला घेऊन गेली. हरणी राहिली. नत्थुजी आपल्या भाकरीतली अर्धी तिला घाली आणि तिच्याशी बोले. दिवसभरात तो तेवढंच बोले.

मैनाबाईचं तसं नव्हतं. दाराशी घुंगरू वाजलं की ती हातातलं टाकून उठायची. दारापर्यंत जायची. रोज. रोज दारात हरणी असायची.

चार दिवसांपूर्वी दिवाबत्तीच्या वेळी ती राखेत बोटं बुडवून वाती वळत बसली होती. घुंगरू वाजलं. ती उठली, दाराशी गेली. मग हातातली वात तशीच त्या घुंगरात खुपसली, काडीनं आत दाबली. हरणीनं मान हलवली. काही वाजलं नाही. त्या रात्री, वच्छला गेल्यापासून पहिल्यांदा, ती सकाळपर्यंत झोपली.

आज उजाडताना तिनं बार ऐकला होता. ऐकूनही ती वेचत राहिली होती.

गफ्फारनं हरणी तिच्या पायाशी ठेवली. पागोट्याचा शेव तोंडावर धरून तो रडायला लागला.

"वाजलं नाही, बाई. खुदाची कसम. कान लावून बसलो होतो. एकदा बी नाही वाजलं."



"बोंडाचा कापूस गेला असंल आत," असं म्हणत त्यानं घुंगरू हातात घेतलं. नखानं उकरलं. कापूस बाहेर आला, लांबट, पिळलेला. त्याची बोटं थांबली. वावरातल्या कापसात सरकी असते. यात नव्हती. तळहातावर राख उमटली होती.

त्यानं वर बघितलं. मैनाबाईनं नजर खाली घातली नाही. तेवढंच तिच्याच्यानं झालं.

पलीकडच्या तासातून नत्थुजी धावत आला. येऊन हरणीपाशी बसला. तिच्या तोंडावरून हात फिरवला, पापण्या मिटवून बघितल्या, त्या मिटेनात. मैनाबाई त्याच्याकडं बघत होती. याला कळलं तर? मारणार नाही तो. नुसता बघेल. आणि पुढं जन्मभर तसाच बघत राहील.

नत्थुजीनं घुंगरू धरून हलवलं. ते खणखणीत वाजलं.

"वाजते तं!" तो ओरडला. "एवढं वाजते! ससा खोकलला तं आयकू येते ना तुले? मंग माह्या लेकीचं घुंगरू काहून नाही आयकू आलं?"

गफ्फारची उजवी मूठ मिटलेली होती. मैनाबाई त्या मुठीकडं बघत राहिली.

"कान गेले माहे, नत्थुजी," गफ्फार म्हणाला. "म्हतारा झालो. ते वाजूनच राहिलं होतं. मलेच आयकू नाही आलं."

"बहिऱ्यानं बंदूक धराव काय? बाया हायेत वावरात, लेकरं हायेत! साऱ्या गावाले सांगतो म्या. कोणाच्या धुऱ्यावर उभा राहू नको आता."

"सांगा," गफ्फार म्हणाला. "सांगाच."

त्यानं बंदूक उचलली आणि धुऱ्याधुऱ्यानं निघाला. जातानाही एका बोंडाला त्याचा धक्का लागला नाही. मूठ अजून मिटलेलीच होती.

मैनाबाईनं त्याच्या पाठीकडं बघितलं. 

"गफ्फारभाई," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

शेजारी बसलेल्या नत्थुजीनं मान वर केली नाही. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

तिकडं वीस पावलांवर, धुऱ्यावरून चाललेला म्हातारा थबकला.