मऊ भात

"खा आता काय वाटेल ते," ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले. "आम्ल वाढवणाऱ्या नसेच्या बारीक फांद्या तेवढ्या कापल्यात. जठर रिकामं करणारा भाग तसाच ठेवलाय. पचन पूर्वीसारखंच राहील."

मी एसटीचा ड्रायव्हर. अल्सरपायी अकरा वर्षं मऊ भात आणि फिक्कं वरण खाल्लं. त्या भाताच्या पातेल्याचा मला तिटकारा आला होता आणि राग निघायचा सिंधूवर. "तुझं बरंय, तू मागून चमचमीत करून खातेस," असं बायकोला कितीदा तरी ऐकवलं. ती नुसती हसायची.

त्या रविवारी तिनं वांगी भाजली, हिरव्या मिरच्या ठेचल्या आणि भरीत केलं. सोबत कळण्याची भाकरी. "आज माझ्याबरोबरच बस," मी म्हणालो. पहिला घास पोटात गेला, पण आग झाली नाही. मला रडूच यायचं बाकी होतं.

समोर पाहिलं, तर सिंधूच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. कान लालबुंद, उचक्या थांबेनात.

"अगं, तुझ्या माहेरी तर मिरचीशिवाय घास उतरत नाही!"

"सवय गेली हो," ती पाणी पीत म्हणाली. "एकटीसाठी कोण वेगळं करत बसतंय?"

माझं पोट बिघडलंच तर असावं म्हणून तिनं तेच पातेलं झाकून ठेवलं होतं. मी उठून ते आणलं आणि तिच्या ताटात मऊ भात वाढला. वर तूपही घातलं.