फर्माइश

शिक्रापूरच्या हायवेवर जुन्या जमान्याच्या थाटाचं एक हॉटेल निघालं होतं. भिंतींवर ग्रामोफोनच्या तबकड्या, आणि वेटर गाणी म्हणत जेवण वाढायचे. सातव्या महिन्यात लेक पोटातच गेली, तेव्हापासून इनामगावची गुलशन कुणाशी बोलत नव्हती. म्हणून तिच्या नवऱ्यानं, अलीमनं, तिला दुपारी मुद्दाम इथं आणलं होतं.

"दोन घास तरी खा," तो म्हणाला.

वाढणारी पोरगी ताटात भाजी घालता घालता हळू आवाजात गाऊ लागली, "निज गं साखरे, घोडनदी झोपली..."

गुलशनचा घास हातातच राहिला. ही अंगाई तिनं पोटुशी असताना मनातल्या मनात जुळवली होती. ती ओठांवर कधी आलीच नव्हती; अलीमलाही ठाऊक नव्हती.

"कुठलं हाय गं हे गाणं?" तिनं कसंबसं विचारलं.

"फर्माइश आली, म्हणून म्हटलं, ताई."

"कुणाची?"

पोरगी गुलशनच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं वाकली. कान देऊन तिनं काहीतरी ऐकलं आणि मान डोलावली.

"मला एवढंच येतं," ती म्हणाली. "पुढचं तुम्हाला म्हणायला सांगतीय. म्हणा ना, ताई. लई दिवस झोपली न्हाई ती."