फ्रेमसोबत आलेले पणजोबा

वैजयंतीने जुन्या बाजारातून आणलेली शिसवी फ्रेम सोफ्यामागे झकास शोभली. आतले पगडीवाले अनोळखी आजोबा फ्रेमसोबत फुकट आले होते. भिशीच्या बायकांनी विचारताच तिने त्यांना आपले पणजोबा करून टाकलं. "मोठे इनामदार होते," चंदनाचा हार सारखा करत ती म्हणाली.

शेजारच्या निर्मलाताई चष्मा लावून फोटोजवळ गेल्या. "अगं, हे तर आमचे आजेसासरे! नव्या सोफ्याला मॅच होईनात, म्हणून भंगारात दिले."

वैजयंतीचा चेहरा पडला. "मग घेऊन जा ना तुम्ही."

"छे गं, तुझ्याकडे किती रमलेत!" निर्मलाताईंनी आणखी एक चकली उचलली. "फक्त पितृपक्षात दशमीला त्यांचं पान आता तूच वाढ. आणि हो, अळूवडीशिवाय ते जेवत नाहीत."